काहिलीतल्या मोटरी

नदी पात्राबाहेर पडायच्या बेताला आली, तशी माणसं काठावरच्या पाणी उपसायच्या मोटरी काढायला धावली.

भोगावतीकाठच्या गावांना हे काही नवं नाही. पाणी फुगायला लागलं की कुणी कुणाला सांगावं लागत नाही. दोरखंड, पाने, बांबू घेऊन जो तो आपापल्या काठावर उतरतो. गुडघाभर चिखलात उभं राहून बोल्ट सोडायचे, मोटर बांबूला बांधायची आणि आजारी माणूस न्यावा तशी खांद्यावरून वर आणायची. एरवी या मोटरी ज्याच्या त्याच्या गोठ्यात जातात आणि पूर ओसरेपर्यंत म्हशींच्या शेजारी पोत्याखाली पडून राहतात. त्या वर्षी मात्र मोटरी दुरुस्त करणाऱ्या प्रीतीनं सांगितलं, "गोठ्यात नगा ठेवू. सगळ्या शेडमधे आणा. नदी उतरस्तोवर एकदमच काम करून देते."

पाणीपुरवठा संस्थेचे चेअरमन विजयसिंह पाटील ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून उभे होते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पोटऱ्या चिखलानं लिंपलेल्या.

"सगळ्या?" ते म्हणाले. "तुझा बा आण्णासो असं कधी करत नव्हता. दोन झाल्या की दोन आणा म्हणायचा."

"आबा एकटे पडायचे, काका. आता पोरं हायत हाताखाली."

"बघ बाई. गावाच्या पिण्याच्या पाण्याची मोटर बी त्यातच हाय."

"माझी जबाबदारी," प्रीती म्हणाली.

बोलून गेली खरी. त्यामागचं कारण तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. महिन्याअखेर साहेबलोक शेड बघायला येणार होते, आणि त्या दिवशी शेड कामानं भरलेली दिसायला हवी होती.

शेड म्हणजे बौद्धवाड्याच्या टोकाला, ओढ्याकडं पाठ करून उभा असलेला पत्र्याचा आडवा निवारा. दारावर पाटी होती: अण्णासो कांबळे, मोटर रिवायंडिंग. प्रीतीचे वडील अण्णासो जळकी मोटर उघडून तिच्या पोटातलं काळं पडलेलं तांबं उपसायचे आणि नवं भरून द्यायचे. काही वर्षांपूर्वी त्यांनी एक वेड घेतलं. एसटीनं शिरोलीला पंपांच्या कारखान्यात गेले, आयटीआयमधे गेले, आसपासच्या पाच गावांच्या पाणी संस्थांत जाऊन बसले. सगळीकडं बोलणं एकच. "पोरं आयटीआय शिकून येत्यात, पण त्यांच्या हातात जळकी मोटर कुणी देत न्हाई. माझ्याकडं जळक्या मोटरी लई हायत."

कारखान्याच्या गेटवर त्यांना बराच वेळ उभं केलं होतं. ते उभे राहिले. दुसऱ्यांदा गेले तेव्हा गेटवरच्या शिपायाचा बिघडलेला पंखा दुरुस्त करून मगच आत गेले. शेवटी ठरलं ते असं: आयटीआयनं पोरं पाठवायची आणि सर्टिफिकेट द्यायचं, कारखान्यानं तार, कागद, वार्निश आणि पोरांचा पगार द्यायचा, वर्षभरानं जो स्वतःचं दुकान टाकेल त्याला वायंडिंगचं यंत्र द्यायचं, आणि पाच गावांनी पोरांना जेवू घालायचं.

कारखान्याची तार वेळेवर आली. अडलं ते जेवणावर. मग अण्णासोंनीच जेवणाला पाण्याची पाळी लावली. ज्याच्या उसाला आज पाण्याची पाळी, त्याच्या घरचा आज डबा. "पाणी पायजे तर मोटर पायजे, मोटर पायजे तर पोरगं जेवलं पायजे," असं ते संस्थेच्या सभेत म्हणाले आणि खाली बसले. दुसऱ्या दिवसापासून डबे सुरू झाले.

डबा परत जायचा तो घासूनपुसून, आणि आत गुळाचा एक खडा. रिकामा डबा परत करायचा नाही, हा अण्णासोंचा नेम. सगळ्या घरांना तो रुचला असं नाही. प्रीती नुकतीच कॉलेजात जायला लागली होती तेव्हा पाटलांचा डबा पोचवायला ती गेली होती. सून आतून आली, डबा उघडला, आणि प्रीतीच्या देखतच गुळाचा खडा म्हशीच्या पुढ्यात टाकला. प्रीती घरी येऊन रडली होती. पाटलांचं स्वतःचं गुऱ्हाळ. त्यांना कसला गूळ पाठवायचा, आणि तोही असल्या माणसांना.

अण्णासो चष्म्याची मोडकी काडी तांब्याच्या तारेनं गुंडाळत बसले होते. ऐकून म्हणाले, "मग म्हशीनं खाल्ला की. वाया कुठं गेला?" आणि पुढच्या पाळीला पुन्हा खडा टाकला.

त्यांच्या हाताखालून पोरं गेली. एकानं मंगळवार पेठेत पंख्या-मिक्सरचं दुकान टाकलं, एक गगनबावड्याला गेला. बुद्धभूषणनं चंदगडला काजूच्या कारखान्यांशेजारी शेड घातली. तिच्या उद्घाटनाला म्हणून अण्णासो चैत्रात चंदगडला गेले. नवं यंत्र फिरवून बघितलं, चहा घेतला, परतीच्या एसटीसाठी स्टँडवरच्या बाकावर बसले, ते बसलेलेच राहिले. बाजूच्या बाईला वाटलं, पावणं झोपलंय.

प्रीती तेव्हा शिरोलीच्या त्याच कारखान्यात टेस्टिंगला होती. बापाकडं शिकली, मग तिकडं लागली होती. ती नोकरी सोडून शेडमधे येऊन बसली. चंदगडहून परत आलेला अण्णासोंचा चष्मा कपाटावर ठेवला, तो तिथंच राहिला. तीन पोरं शिकत होती. त्यात गगनबावड्याकडची मोना सगळ्यांत हुशार आणि सगळ्यांत तोंडाळ. आयटीआयच्या सरांनी आधीच सांगून ठेवलं होतं: उस्ताद गेल्यावर पोरांना शहरातल्या वर्कशॉपला हलवायचा विचार चाललाय, महिन्याअखेर तिन्ही बाजूंची माणसं येतील, बघतील, ठरवतील.

म्हणून ती सगळ्या मोटरी घेऊन बसली.

शेडच्या भिंतीवर महापुराच्या सालची तांबडी रेघ होती, अण्णासोंनी स्वतःच्या हातानं ओढलेली. प्रीतीनं आणि पोरांनी फळ्या त्या रेघेच्या वर हातभर ठोकल्या आणि मोटरी तिथं चढवल्या. खांदे सोलवटले. मोना म्हणाली, "आमच्याकडं एवढा पाऊस रोजच पडतोय ताई. त्याला कुणी पूर म्हणत न्हाई."

नदी समोरून येते, हे गावाला पाठ होतं. सगळे नदीकडं तोंड करून उभे राहिले. पण त्या वर्षी मागच्या अंगाला नव्या रस्त्याचा भराव पडला होता. ओढ्याचं पाणी भरावाला अडलं, फुगलं आणि शेडच्या मागच्या पत्र्याखालून आत शिरलं. भर दुपारी आरडाओरडा झाला तेव्हा पाणी कमरेला लागलं होतं. प्रीतीच्या आईनं, पारूबाईनं, बाबासाहेबांचा फोटो आणि मोटरीच्या तारा तपासायचं मेगरचं यंत्र तेवढं काखेत मारलं आणि ती शाळेकडं निघाली. संध्याकाळी प्रीतीनं शाळेच्या गच्चीवरून बघितलं. शेडचा नुसता माथा दिसत होता. तांबडी रेघ कुठं असेल याचा अंदाज करायलाही जागा नव्हती.

पाणी उतरलं तेव्हा फळ्या मोडून मोटरी एकमेकींवर पडल्या होत्या. प्रत्येकीच्या तोंडातून लोण्यासारखा गाळ निघत होता. ज्यांच्या मोटरी गोठ्यात असत्या तर कोरड्या राहिल्या असत्या, ती माणसं दारात येऊन उभी राहिली आणि बघून गेली. शिव्या कुणी दिल्या नाहीत, त्यानं तिला जास्त लागलं.

विजयसिंह आले. त्यांनी एका मोटरीला पायानं ढोसलं.

"साहेबलोकांस्नी दावायची हुती न्हवं शेड?" ते म्हणाले. त्यांना कळलं होतं. "दाव आता."

प्रीती खाली बसून गाळ काढत होती. 

त्या दिवशी डबा आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. निम्म्या घरांच्या चुलीच पाण्यात होत्या, हे खरं. पण ज्या घरांत पाणी शिरलं नव्हतं, तिथूनही कुणी आलं नाही. पारूबाईनं मदतीच्या किटमधल्या तांदळाचा भात केला. पोरं मिठाबरोबर जेवली. मोनाही गप्प जेवली.

पाणी शिरलेली मोटर लगेच उघडून, धुऊन, सावकाश वाळवली तर वाचते. तशीच पडली की तारेवरचं कवच सडतं आणि सगळं तांबं उपसावं लागतं. उघडायला, धुवायला हात होते. वाळवायला ऊन नव्हतं. आभाळ राखेसारखं खाली आलेलं, झिमझिम थांबत नव्हती. आयटीआयच्या भट्टीत एका वेळी एकच मोटर मावायची, आणि कारखान्याच्या भट्टीकडं जायचा शिरोलीचा रस्ता अजून पाण्याखाली होता. प्रीतीनं मेगरची मूठ फिरवून बघितली. काटा शून्यावर झोपलेला, म्हणजे आत ओल तशीच. दुसरी मोटर. झोपलेला. तिनं मूठ सोडली आणि हाताचा पंजा मांडीवर उलटा ठेवून बसून राहिली. अण्णासो दमले की असेच बसायचे. पारूबाईनं ते बघितलं आणि ती उठून बाहेर गेली.

सकाळी बुद्धभूषण आला. गडहिंग्लजवरून वळसा घालत, तीन गाड्या बदलत, पाठीवर हत्यारांची पिशवी. आल्या आल्या त्यानं शर्ट काढून खिळ्याला अडकवला.

"तुला कुणी सांगितलं?" प्रीतीनं विचारलं.

"मोनानं सगळ्यांस्नी फोन लावल्यात. मंगळवार पेठेतला बी येतोय, बेरिंगं घिऊन." तो एक मोटर उलटी करत म्हणाला, "भट्टीचं काय?"

"न्हाई भट्टी."

"गुऱ्हाळ हाय की."

प्रीतीनं माळाकडं बघितलं. पाटलांचं गुऱ्हाळ माळावर होतं, पाण्याच्या वर. तिथलं चुलवाण म्हणजे जमिनीत खणलेली भली मोठी चूल, आणि तिच्यावर उसाचा रस आटवायची काहिल. दहा माणसं बसतील एवढी लोखंडी कढई. मंद जाळ घालून कोरडी तापवली, आत विटांवर मोटरी ठेवल्या, वरून पत्रे झाकले, तर चालण्यासारखं होतं.

"ते देणार न्हाईत," ती म्हणाली.

"इचारलंस?"

पाटलांच्या सोप्यात चार माणसं बसली होती. प्रीती आणि बुद्धभूषण पायरीखाली उभे राहिले. वर या, बसा असं कुणी म्हटलं नाही. तिनं काय हवं ते सांगितलं.

"चुलवाण दिवाळीच्या टायमाला पूजा करून पेटतंय," विजयसिंह म्हणाले. "तवर त्याला काडी लावत न्हाईत. आन् काहिलीला तुमच्या वार्निशचा वास बसला तर माझा गूळ बाजारात कोण उचलंल?"

"वार्निश शेडमधेच लावू. हितं नुसतं वाळवायचं. झाल्यावर काहिल मी स्वतः घासून देते."

"तू घासणार काहिल?" बसलेल्यांतला एक म्हणाला, आणि शेजारच्याकडं बघून हसला. त्या हसण्यात काय होतं, ते तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. बुद्धभूषण पुढं सरकला. प्रीतीनं त्याच्या मनगटाला हात लावला.

आतून म्हातारीचा आवाज आला. विजयसिंहांची आई धोंडुबाई उंबऱ्याच्या आत मिश्री लावत बसली होती.

"इजय, पाणी कुठलं पितोस?"

"टँकरचं, आई. कुठलं असणार?"

"त्येला बेडकाचा वास येतोय. तुला येत न्हाई?" ती भिंतीला धरून उठली. बोटाची मिश्री लुगड्याला पुसली. "चुलवाण माझ्या मालकानं बांधलंय. पूजाच पायजे न्हवं? मी करते आत्ता. नारळ आण."

"आई, मुहूर्त..."

"तहानेला मुहूर्त असतोय व्हय रं?"

माळावर चुलवाणात चिखल नव्हता, एवढं नशीब. धोंडुबाईनं हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि पहिली काडी स्वतः लावली. ओल्या लाकडाचा धूर इतका झाला की सगळेच डोळे पुसायला लागले, कोण कशानं ते कळेना.

मग काम सुरू झालं. ट्रॉलीतनं मोटरी माळावर आणायच्या, उघडायच्या, स्वच्छ पाण्यानं धुवायच्या, आतला फिरता भाग आणि बेरिंगं वेगळी करायची, उरलेलं तांब्याचं पोट काहिलीत उतरवायचं. टँकरचं पाणी पिण्यालाच जेमतेम पुरायचं, म्हणून धुवायला बायकांनी आपापल्या पत्र्याखाली धरलेलं पावसाचं पाणी आणून दिलं. गगनबावड्याचा आला, त्याच्याबरोबर त्याच्या हाताखालची दोन पोरं आली. मंगळवार पेठेतला बेरिंगांचं खोकं डोक्यावर घेऊन चिखलातून चालत आला. हायवे सुटल्यावर कारखान्याची गाडी वार्निश आणि नवी तार घेऊन आली. ड्रायव्हरनं माल उतरवला आणि परत जायच्या आधी तोही तासभर पाने फिरवत बसला. आयटीआयचे सर मोटरसायकलवरून तापमापक घेऊन आले आणि ते काहिलीत लटकवून शेजारी उकिडवे बसले. जाळ वाढला की ते नुसता हात वर करायचे, आणि चुलीत चिपाडं सारणारा केरबा हात आखडायचा. केरबानं जन्मभर गुळाला जाळ घातला होता.

"गुळाची काहिल उकळी बोलती," तो म्हणाला. "ही मुकी हाय. तुमीच सांगा बाबा, कवा सारायचं ते."

प्रीती पत्रा उचलून हात आत घालायची आणि तांब्याला हाताची पालथी बाजू लावायची. बापाची सवय. तापमापक समोर असूनही ती तसं करायची. मोना एकदा म्हणाली, "ताई, भाजंल." मग थोड्या वेळानं मोनाही पालथा हात लावून बघायला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी डबा आला. पाटलांच्या घरचा. भाकरी, झुणका, कांदा, आणि सगळ्यांना पुरेल एवढं ताक. आणणारा गडी ठेवून गेला. संध्याकाळी दुसऱ्या गावचा आला. मग पाळी बघायची गरज उरली नाही, येतील ते डबे येत राहिले. जेवायला सगळे काहिलीभोवती बसत. धुरानं सगळ्यांची तोंडं सारखीच काळी झाली होती. डबे परत गेले ते मोनाच्या हातून, घासून, पुसून.

पहिली कोरडी झाली ती गावच्या पाण्याची मोटर. वार्निश चढलं, बेरिंगं बसली. प्रीतीनं मेगरची मूठ फिरवली. काटा शून्यावरून उठला, अडखळला, आणि वर चढत गेला. बुद्धभूषणनं तिच्या हातातून मूठ घेऊन पुन्हा फिरवली, मग मोनानं फिरवली. दुसऱ्या सकाळी गावातल्या नळांना आधी गढूळ, मग तांबूस, मग स्वच्छ पाणी आलं. बायका हंडे घेऊन पळाल्या. माळापर्यंत त्यांचा कालवा ऐकू आला. प्रीती त्या वेळी पुढची मोटर काहिलीत उतरवत होती.

साहेबलोक आले ते अशा वेळी. कारखान्याच्या मॅडम आणि आयटीआयचे प्राचार्य. शेडमधे कुणी नव्हतं. भिंतीवर गाळाची नवी रेघ, तांबड्या रेघेच्या कितीतरी वर.

"वर्कशॉप कुठंय?" मॅडमनी विचारलं.

"शेडला पाय फुटल्यात," विजयसिंह म्हणाले. "चला पावणं, दावतो."

माळावर आल्यावर मॅडमनी चुलवाणाभोवती एक फेरी मारली. अनवाणी मोना काहिलीच्या थंड कडेवर बसून विटा रचत होती. सर तापमापकाशी. चार तालुक्यांची पोरं गाळानं भरलेल्या मोटरी खोलत, वाळलेल्या जोडत होती, आणि कोण आता शिकतंय, कोण शिकून गेलंय, ते बघून ओळखू येत नव्हतं. मॅडमनी विचारलं, "यांना बोलावलं कुणी?"

"कुणी न्हाई," मोना म्हणाली. "मी नुसतं सांगितलं, आण्णांच्या शेडमधे पाणी शिरलंय."

प्राचार्य म्हणाले, "मुलांना हलवायचं की नाही ते ठरवायचंय. इथं राहिली तर अण्णासोंच्या जागी उस्ताद म्हणून नाव कुणाचं?"

प्रीती फडक्याला हात पुसत होती. विजयसिंहांनी घसा साफ केला.

"ह्या पोरीनं गावाच्या मोटरी बुडवल्या," ते म्हणाले.

पाने फिरायचे थांबले.

"आन् हिनंच काढल्या. आण्णासोच्या हातनं कधी बुडाल्या न्हाईत, पर एवढ्या एकदम कधी निघाल्या बी न्हाईत. गावाचं म्हणाल तर हिचं नाव लिवा. तुमी काय ते बघा."

मॅडमनी मेगर मागून घेतला आणि वाळलेल्या मोटरी स्वतः तपासल्या, एकही न वगळता. मग प्राचार्यांकडं बघून मान हलवली. "मुलं इथंच राहतील," त्या म्हणाल्या. "आणि पुढच्या वर्षी आणखी पाठवू." गाडीत बसताना त्यांनी प्रीतीला बाजूला घेतलं. "तुझे वडील आमच्या गेटवर उभे होते तेव्हा मी नवीन होते. खिडकीतून बघितलं होतं त्यांना. मला वाटलं, नोकरी मागायला आलेत."

शेवटची मोटर निघाल्यावर चुलवाण विझलं. जो तो आपापल्या गावच्या गाडीला लागला. प्रीती काहिल घासायला बसली. राख, चिंच, नारळाची शेंडी. आत उतरून, पदर खोचून, ती गुडघ्यांवर घासत होती. पारूबाई वरून पाणी ओतत होती. लोखंड हळूहळू काळंभोर, मऊ दिसायला लागलं.

धोंडुबाई काठी टेकत आली. तिनं वाकून काहिलीतून बोट फिरवलं, नाकाला लावलं. मग लुगड्याखालून डबा काढला आणि काहिलीच्या कडेवर ठेवला. रिकामा, घासलेला डबा.

"ह्यो काय?" ती म्हणाली.

प्रीतीला कळेना. "डबा, आज्जी. मोनानं दिला न्हवं परत?"

"दिला की. रिकामा. रोज रिकामाच येतोय. तुझा बा खडा टाकायचा गुळाचा."

प्रीतीचा हात थांबला. इतक्या दिवसांच्या गडबडीत तिच्या ते ध्यानातच आलं नव्हतं. आणि म्हातारीला त्या खड्याचं काय पडलं होतं, तेही तिला कळेना.

"तो तर तुमच्यात म्हशीला घालायचे," ती म्हणाली. शब्द हवे होते त्यापेक्षा कडक आले. "मी बघितलंय."

"घालायची सून. पयल्यांदा." म्हातारी काहिलीच्या कडेला बसली. "मग मी डबा माझ्या हातात घ्याय लागले. कोपऱ्यात बसून खायाचे. आमच्याच गुऱ्हाळातला गूळ त्यो, मला चव कळती की. पर खायाचे."

"मग आबांना सांगायचं हुतं."

धोंडुबाईनं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"व्हय," ती म्हणाली. "सांगाय पायजे हुतं."

पारूबाई कळशी खाली ठेवून दुसरीकडं बघत होती. वारा सुटला होता आणि चुलवाणातली राख थोडी थोडी उडत होती. प्रीती काहिलीतून बाहेर आली. हात धुतले. शेडमधला गूळ पुरात विरघळून गेला होता. पोरांच्या चहासाठी माळावर आणलेली मदतीच्या किटमधली साखर पिशवीच्या तळाशी मूठभर उरली होती. तिनं ती डब्यात घातली, झाकण लावलं आणि डबा म्हातारीच्या पुढ्यात धरला.

धोंडुबाईनं डबा तिथंच उघडला. खालच्या वाटेनं कामाला चाललेली माणसं बघत होती. तिनं चिमूट तोंडात टाकली आणि सावकाश चघळली.

"साखर हाय," ती म्हणाली.

"गूळ पुरात गेला, आज्जी."

"दिवाळीला गुऱ्हाळ लागलं की पयली ढेप घिऊन जा." म्हातारी काठीवर भार देऊन उठली, डबा पुन्हा लुगड्याखाली घेतला. "न्हाईतर माझ्या डब्यात काय टाकशील?"